कोपराचा फोटो

सिग्नल लाल होता म्हणून तो थांबला, नाहीतर ती त्याला दिसलीच नसती. पलीकडच्या फुटपाथवर, बुटांच्या दुकानासमोर, सकाळची ती बाई हातातली पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेत होती. एवढंच. पिशवी काही फार जड नव्हती. वरून पालेभाजीची एक जुडी डोकावत होती. पण हात बदलल्यावर तिने मोकळ्या झालेल्या डाव्या हाताचं कोपर आतल्या बाजूने अंगठ्याने चोळलं, एकदा, दोनदा, आणि तोंड जरा वाकडं केलं. सिग्नल हिरवा झाला. माणसं त्याच्या खांद्याला धक्के देत पुढे गेली, एकाने 'जायचं नाही तर वाटेत कशाला उभं राहायचं' म्हणून सुनावलंसुद्धा, आणि तो खांबासारखा तिथेच उभा. ते कोपर का दुखतंय हे त्या अख्ख्या रस्त्यावर त्याला एकट्याला ठाऊक होतं. बाईलाही ठाऊक नव्हतं. ती भाजी घेऊन घरी चालली होती, आणि तिला वाटत होतं की आपल्या किडन्या मंद आहेत.

मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात त्याचा विभाग. दारावरच्या पाटीत 'अणू' हा शब्द आहे, तेवढ्याने माणसं अर्धमेली होतात. अंगातून उजेड येईल का, केस गळतील का, हे प्रश्न तो रोज ऐकतो आणि रोज तोच विनोद करतो, की उजेड पडला असता तर हॉस्पिटलने लाइटचं बिल वाचवलं नसतं का. मग माणसं हसतात आणि दंड सैल सोडतात, आणि तेवढ्यात तो सुई घालतो. शिरेत किंचितसं किरणोत्सारी औषध जातं, रक्ताबरोबर फिरतं, ज्या अवयवाचं काम बघायचं तिथे पोचतं, आणि पाठीखालचा कॅमेरा तिथून निघणारे किरण टिपत बसतो. कॅमेरा स्वतः काही सोडत नाही, नुसता बघतो. बाकीची यंत्रं सांगतात किडनी केवढी आहे, कुठे आहे, खडा आहे की नाही. त्याचं यंत्र सांगतं ती काम करते का. एखादी किडनी दिसायला गुटगुटीत असते आणि दिवसभर नुसती बसून खाते. एखादी सुरकुतलेली, एवढीशी, पण सगळ्या शरीराचा गाडा तीच ओढते. घरोघरी हेच, असं तो शिकाऊ पोरींना सांगायचा. त्या हसायच्या. त्याच पोरींनी त्याचं नाव 'कोपऱ्या' पाडलं होतं, कारण प्रत्येक पेशंटच्या तपासणीनंतर तो सुई टोचलेल्या कोपराचा एक वेगळा फोटो घ्यायचा. औषध शिरेत नीट गेलं की त्यातलं काही बाहेर मांसात सांडलं, हे त्या फोटोत कळतं. सांडलं असेल तर किडनीपर्यंत कमी औषध पोचतं, यंत्राला वाटतं किडनीने कमी गाळलं, आणि चांगल्या माणसाच्या किडनीला आळशी ठरवून कागद बाहेर पडतो. बाकीचे तंत्रज्ञ शंका आली तरच कोपर बघायचे. हा प्रत्येकाचं. सात वर्षांत एकदाही चुकला नव्हता. आणि आज सकाळी चुकला. चुकला हा शब्दही खरा नव्हता, ते त्याला फुटपाथवर उभ्या उभ्या कळत होतं.

तो सिग्नल ओलांडायच्या ऐवजी मागे वळला आणि भराभर चालायला लागला. कुठे, ते ठरलं नव्हतं. ती बाई कापड बेतायचं काम करायची, एका मोठ्या शिवणकारखान्यात. कात्रीने तिच्या अंगठ्याला घट्टा पडलेला होता, तो त्याने शीर शोधताना बघितला होता. वय चाळीसच्या आतबाहेर. धाकट्या भावाला एक किडनी द्यायची होती, त्याआधी दोन्ही कशा चालतात ते बघायला पाठवली होती. भाऊ बाहेर बाकावर बसला होता, आठवड्यातून तीनदा डायलिसिस करून करून काळवंडलेला, पण तोंडाने तिखट. 'अहो, नीट बघून घ्या,' तो आत डोकावून म्हणाला होता, 'हिच्याकडून कधी काही फुकट मिळालेलं नाही मला. जुना माल खपवायची.' बाईने त्याला 'जा रे बारक्या' म्हणून हाकललं. आणि का कोण जाणे, त्या वेळी तंत्रज्ञाचा हात, सुई धरलेला हात, एकदम परका झाला. त्याचा थोरला भाऊ, दादा, अगदी असाच बोलायचा. औषध आत जाताना सिरिंजचा दट्ट्या किंचित मागे रेटला, ते बोटांना कळलंच. बोटांना सगळं कळतं. कातडीखाली अर्ध्या लिंबाएवढा फुगा आला. त्याने सुई काढली, कापूस दाबला, म्हणाला, 'दाबून धरा जरा.' मग पडद्यावर रक्तवाहिन्या उजळायला हव्या तितक्या उजळल्या नाहीत. किडन्या आल्या, पण हळूहळू, नाइलाजाने उठल्यासारख्या. आणि चित्राच्या डाव्या कडेला, जिथे तिचा हात अंगालगत होता, तिथे एक पांढरा ठिपका लखलखत राहिला. इतका, की त्याच्यापुढे बाकी सगळं फिकं. असा ठिपका चित्र खराब करतो, म्हणून हिशेब मांडताना तेवढा कोपरा झाकून टाकायची सोय असते. त्याने माउस फिरवला आणि तो झाकला. चित्र स्वच्छ झालं. दोन्ही किडन्या मिळून किती गाळतात तो आकडा आला चोपन्न. नव्वदच्या वर हवा होता.

मॅडमनी, म्हणजे विभागाच्या डॉक्टरांनी, आकडा बघून भुवया वर केल्या होत्या. 'हिचा रक्ताचा रिपोर्ट तर चांगला आहे. हे असं कसं? इंजेक्शन नीट गेलं होतं ना?' 'हो,' तो म्हणाला. एका अक्षराचं उत्तर. त्याच्यावर मॅडमचा इतका विश्वास की त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ज्याला अख्खा विभाग कोपऱ्या म्हणतो त्याला कोपराबद्दल दोनदा कोण विचारणार? 'मग कठीण आहे,' त्या म्हणाल्या, 'उद्या दुपारच्या प्रत्यारोपणाच्या मीटिंगमध्ये हिचं नाव यादीतून कमी करावं लागेल. भावाला दुसरं कोणी आहे का बिचाऱ्याला?' कोणी नव्हतं. आई वारलेली, बायको सोडून गेलेली. हे त्याला बाईने शीर शोधताना सांगितलं होतं. माणसं सुईच्या भीतीने काहीही सांगतात.

चालता चालता तो एका बागेशी आला आणि आत शिरला. बाकावर बसला आणि लगेच उठला. पोरं घसरगुंडीवर उलटी चढत होती, त्यांच्या आया खालून ओरडत होत्या. त्याला बसवेना. खरी गोष्ट तर पुढेच होती. तपासणी संपल्यावर बाईने एक चप्पल पायात आणि एक हातात अशा अवस्थेत विचारलं होतं, 'कशा आहेत हो?' तंत्रज्ञाने काही सांगायचं नसतं. डॉक्टर सांगतील म्हणायचं, हा नियम. हा म्हणाला, 'जरा मंद वाटतायत.' आणि बघत राहिला तिच्याकडे. मुद्दाम. आधी तिच्या तोंडावर काहीच आलं नाही. मग खांदे उतरले, ओठ जरासे उघडे पडले, आणि शाळा अचानक लवकर सुटल्यावर पोरांच्या तोंडावर येतं तसं काहीतरी तिच्या तोंडावर येऊन गेलं. क्षणभरच. लगेच तिने ते आवरलं आणि म्हणाली, 'अरेरे. आता बारक्याचं कसं?' पण तंत्रज्ञाने ते पाहिलं होतं. तो ते तोंड ओळखत होता. अकरा वर्षांपूर्वी एका अशाच तपासणीनंतर ते त्याचं स्वतःचं तोंड होतं.

तेव्हा तो चोवीस वर्षांचा, बेकार, दिवसभर लोळणारा. दादा छापखान्यात यंत्रावर होता, नखांत कायम शाई. दादाच्या किडन्या गेल्या आणि घरात सगळ्यांचे डोळे याच्याकडे वळले. कोणी म्हणालं नाही, दे. तेच वाईट होतं. वहिनी जेवायला वाढताना त्याच्या ताटात जास्त वाढायला लागली. आईने त्याला हाक मारताना नाव बदललं, 'बाळा' म्हणायला लागली, जे तिने तो सहा वर्षांचा झाल्यापासून म्हटलं नव्हतं. तो 'देतो की, त्यात काय' म्हणत हिंडायचा आणि संडासात जाऊन दार लावून पोट धरून बसायचा. तपासणीच्या दिवशी सुई टोचली आणि कोपरात आग आग झाली. 'दुखतंय?' तिथल्या माणसाने विचारलं. 'नाही,' हा म्हणाला. खोटं बोलायचं म्हणून नाही. शूर दिसायचं म्हणून. मग आठवड्याने निकाल आला, याच्याच किडन्या कमी चालतात, घेता येणार नाही. सुंठीवाचून खोकला गेला. दादा मोठ्याने हसला होता, 'लेका, तुझं इंजिन तर माझ्याहून खटारा निघालं!' आणि सगळे हसले, रडत रडत. त्याआधी, तपासणीच्याच संध्याकाळी, वहिनीने त्याच्या सुजलेल्या कोपरावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवली होती. 'किती सुजलंय हे,' ती म्हणाली होती, 'सांगायचं नाही का त्यांना?' तो म्हणाला होता, 'होतं असं.'

दादा दोन वर्षांनी गेला. हा त्याच साली या लाइनीत शिकायला आला, आणि सगळे म्हणाले, बघा, भावासाठी आला. त्यालाही तसंच वाटत होतं. मग दुसऱ्या वर्षी एका दुपारी, जेवणानंतरच्या तासाला, अर्धा वर्ग पेंगत असताना, सरांनी पडद्यावर एका हाताचं चित्र लावलं. कोपरात पांढरा लखलखीत गोळा. 'औषध बाहेर गेलं,' सर म्हणाले, 'कोणी बघितलं नाही, आणि धडधाकट माणूस नापास.' वर्ग हसला. तो उठला, बाहेर नळावर गेला, आणि तोंडावर पाणी मारत राहिला, मारतच राहिला, शर्ट निथळेपर्यंत. खात्री नव्हती. आजही नाही. कदाचित त्याच्या किडन्या खरंच मंद असतील. तपासणं सोपं होतं. यंत्र त्याच्याच हाताखाली, औषध रोज त्याच्याच हाताने निघायचं, सकाळी एखाद्या पोरीला सांगितलं असतं, टोच गं मला, तर अर्ध्या तासात निकाल. सात वर्षांत त्याने ते केलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याऐवजी तो दुसऱ्यांची कोपरं बघत बसला, हजारो कोपरं. लोकांना ती त्याची शिस्त वाटायची.

आणि आज, इतक्या कोपरांनंतर, एकावर त्याने पडदा टाकला. का? बागेच्या दारात भेळवाला नव्हता की फुगेवाला नव्हता, विचार तोडायला काहीच नव्हतं. का? बाईची दया आली म्हणून? तसं त्याने दुपारभर स्वतःला समजावलं होतं. बाई घाबरलेली, कोणी तिला विचारलेलं नाही, सगळ्यांनी गृहीत धरलेलं, तिला कोणीतरी सोडवायला हवं. छान होतं ते. पण रस्त्यावर तिने कोपर चोळलं आणि ते सगळं गळून पडलं. दया नव्हती. त्याला सोबत हवी होती. आपल्यासारखं आणखी एक माणूस या शहरात असावं, जे यंत्राच्या आकड्याआड लपून भावाला मरू देईल, आणि भाजी घेऊन घरी जाईल, आणि जगेल. म्हणजे मग आपण केलं ते पाप नाही, माणसांच्या हातून होतं तसं. यासाठी त्याने बारक्याला, त्या बाकावरच्या तिखट तोंडाच्या पोराला, मीटिंगच्या यादीतून पुसायला दिलं होतं. त्याला स्वतःची इतकी किळस आली की तो बागेच्या भिंतीला हात टेकून उभा राहिला. एक म्हातारे गृहस्थ थांबले. 'चक्कर येतेय का? पाणी देऊ?' त्याने मान हलवली आणि चालायला लागला. पाय जसे जातील तसा. तीन स्टॉप गेले तरी बस धरायची आठवण झाली नाही.

सकाळी तो मॅडमच्या आधी पोचला, आणि त्या आल्या तेव्हा पडद्यावर मूळ चित्र लावून ठेवलेलं होतं, न झाकलेलं, कडेच्या पांढऱ्या ठिपक्यासकट. मॅडमनी पर्स खांद्यावरून न उतरवताच ते पाहिलं.

'हे काल कुठे होतं?'

'मी झाकलं होतं.'

'चुकून?'

इथे 'हो' म्हणणं सोपं होतं. मॅडमना तेच हवं होतं, त्यांच्या आवाजावरून कळत होतं. 'नाही,' तो म्हणाला. 'दिसलं होतं मला. फुगा पण दिसला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो.'

मॅडमनी पर्स टेबलावर आपटली. 'डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? एक माणूस मेला असता!' त्याने मान खाली घातली. त्याला वाटलं, विचारतील, का केलंत, आणि आपण सांगू. पण त्यांनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, 'उद्या परत तपासणी. तोवर कालचं औषध अंगातून जाईल. मीटिंगला मी सांगते थांबायला. तुमचं काय करायचं ते लेखी होईल, ते वेगळं. आणि त्या बाईला फोन तुम्ही करा, तुमच्या तोंडाने.' त्याने केला. कारखान्यातल्या यंत्रांचा खडखडाट फोनमधून येत होता. 'तपासणीत आमची चूक झाली,' तो ओरडून म्हणाला, 'परत करावी लागेल.' पलीकडे खडखडाट नुसता चालू राहिला. मग ती म्हणाली, 'बरं.' आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मॅडम त्याच्या मागे उभ्या राहिल्या, शिकाऊ पोरीच्या मागे उभं राहावं तशा. बाईने उजवा हात पुढे केला. ती त्याच्याशी बोलत नव्हती. त्यानेही उजेडाचा विनोद केला नाही. सुई गेली, औषध गेलं, काही फुगलं नाही. पडद्यावर आधी मोठी रक्तवाहिनी चमकली, आणि दोनचार सेकंदांत दोन्ही किडन्या अशा उजळल्या की मॅडमच्या तोंडून 'वा' निघून गेलं. भरल्या, आणि भरल्या तशा रिकाम्याही व्हायला लागल्या, शांतपणे, दोन्ही सारख्या, कोणी बघतंय याची फिकीर नसल्यासारख्या. त्याने कोपराचा फोटो घेतला. कोपर काळं, कोरं. आकडा आला अठ्ठ्याण्णव. मॅडम आकडा घेऊन वर गेल्या. जाताना म्हणाल्या, 'बाईंना सांगा, माझ्याकडे पाठवा. संमतीची सही द्यायची असेल तर आजच होईल.'

बाई टेबलावरच बसून राहिली, पाय लोंबकळत. 'चांगल्या आहेत ना?' तिने विचारलं. 'त्या मॅडमच्या तोंडावरून कळलं.'

'उत्तम आहेत. दोन्ही.'

'परवा तुम्ही मंद म्हणालात,' ती बाहीची घडी उलगडत म्हणाली, 'मी घरी गेले आणि पोटभर जेवले. चार महिन्यांनी पहिल्यांदा. बारक्या समोर बसला होता, त्याला चार घास धड खाता येत नाहीत, आणि मी भात परत घेतला. कळतंय का तुम्हाला?'

'कळतंय.'

'कशाला बोलावलंत मग परत? चूक झाली तर झाली होती. कोणाला कळणार होतं? गप्प बसला असतात तर मी सुटले असते.'

'सुटला नसतात.'

'तुम्हाला हो काय माहीत?' तिचा आवाज चढला. 'टोचणारे तुम्ही. कापून घेणार मी.'

मग त्याने सांगितलं. उभ्याउभ्याच, हातात तिची फाइल धरून. भाऊ होता, थोरला. मलाही असंच टोचलं होतं, अशीच सूज आली होती, मला कळत होतं काहीतरी बिनसलंय, वहिनी म्हणत होती सांग म्हणून. नाही सांगितलं. मला नापास केलं आणि मला बरं वाटलं. तो दोन वर्षांनी गेला. अकरा वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलत होता आणि ते एवढंसंच निघालं, पाच-सहा वाक्यांचं. त्याला वाटलं होतं तासभर लागेल.

बाई त्याच्याकडे बघत राहिली. कापडाचा ताका उलगडण्याआधी बघत असेल तशी. 'भित्रे आहात,' ती म्हणाली. शिवी नव्हती त्यात. माप सांगितल्यासारखं म्हणाली. मग टेबलावरून उतरली, चपला घातल्या. 'मी पण आहे,' म्हणाली, आणि दार उघडून बाहेर गेली. दार तिने लावलं नाही.

बाहेर बाकावरून भाऊ उठला. 'काय गं ताई? काय म्हणाले?'

'चांगल्या आहेत. चल वर, डॉक्टर बोलावतायत.'

'मग रडतेस कशाला?'

'मला भीती वाटते म्हणून,' ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की रांगेतली दोनतीन माणसं वळली. 'चार महिने झाले, रोज रात्री वाटते. मेले टेबलावर तर, म्हणून. तुला सांगितलं नाही.'

बारक्याचं तिखट तोंड कुठच्या कुठे गेलं. मग तो हळू म्हणाला, 'मग नको देऊस ताई. खरंच. मी बघतो काहीतरी.'

'तू काय बघणार, कपाळ? देणार आहे मी. पण भीती वाटते, तेवढं ऐकून तरी घे.'

'ऐकतो ना,' तो म्हणाला, 'बोल.' आणि परत खाली बसला, तिला हाताला धरून शेजारी बसवून, वर जायची घाई नसल्यासारखा.

तंत्रज्ञ उघड्या दाराआत उभा होता. पुढच्या पेशंटचा कागद त्याच्या हातात होता आणि नाव पुकारायला हवं होतं. दादानेही हेच म्हटलं असतं. पहिल्या दिवशीच म्हटलं असतं, शाईच्या हाताने पाठीत धपाटा घालून, मग नको देऊस लेका. आणि मग दोघं बसून बोलले असते, दोन वर्षं होती बोलायला. भीती वाटते, एवढंच सांगायचं होतं. किडनीचं राहू दे, त्याने दादाला तेवढंसुद्धा दिलं नव्हतं.